क्रमांकाधिष्ठित कसोटी : निवड आणि वापर

अहिल्यानगर जिल्ह्याच्या पश्चिमेस, अकोले तालुक्यातील महादेव कोळी व ठाकर वस्त्यांतली मुले घरची बोली घेऊन शाळेत येतात. पाठ्यपुस्तकातील प्रमाण मराठीशी त्यांची खरी गाठ तेथेच पडते. प्रमाण मराठीतील उतारा वाचण्यास या मुलांना नगर शहरातील मुलांहून निराळा वेळ लागतो काय, असा प्रश्न एखाद्या अभ्यासकाने हाती घेतला असे समजू. पुढील आकडे केवळ विवरणार्थ कल्पिलेले आहेत. अकोल्याच्या पाच मुलांस ४८, ५५, ६१, ७०, १४० सेकंद लागले. नगरच्या पाचांस ३९, ४२, ४५, ५१, ५८.

अकोले गटाचे मध्यमान ७४·८ भरते. परंतु पाचांपैकी चौघांचे वेळ त्याच्या खालीच आहेत. एकट्या १४० ने ते वर ओढले आहे. वाचनकालाचे वितरण बहुधा असेच एका बाजूस लांबलेले असते आणि इतक्या लहान नमुन्यात ते प्रसामान्य मानण्यास आधार नसतो. अशा प्रसंगी फ्रँक विल्कॉक्सन या रसायनशास्त्रज्ञाने १९४५ साली मांडलेली व मान आणि व्हिटनी यांनी १९४७ साली विस्तारलेली क्रमांकांची कसोटी उपयोगी पडते.

दहाही वेळ चढत्या क्रमाने लावून त्यांस १ ते १० क्रमांक द्यावेत. वेळ समान आल्यास क्रमांकांची सरासरी घ्यावी. अकोले गटाच्या क्रमांकांची बेरीज ३७ व नगर गटाची १८ येते. प्रत्येकीतून किमान शक्य बेरीज, म्हणजे १५, वजा केली की २२ आणि ३ उरतात. या २२ चा अर्थ सरळ आहे: दोन गटांतील मुलांच्या २५ संभाव्य जोड्यांपैकी २२ जोड्यांत अकोल्याच्या मुलास अधिक वेळ लागला. १४० च्या जागी २४० असते तरी उत्तर बदलले नसते. तथापि त्या मुलाचे काय झाले, तो कोणत्या शब्दाशी अडला, हे पाहण्याच्या कर्तव्यातून क्रमांक सुटका करीत नाहीत.

दहांतून पाच क्रमांक निवडण्याचे २५२ प्रकार आहेत. त्यांपैकी ७ प्रकारांत एका ठरावीक दिशेने इतका किंवा याहून अधिक फरक पडतो. म्हणून एकपुच्छ संभाव्यता ०·०२८, तर द्विपुच्छ ०·०५६. मोह येथेच होतो. प्रश्न 'निराळा वेळ लागतो काय' असा होता. दिशा आधी ठरलेली नव्हती. आकडे पाहून एकपुच्छ कसोटी स्वीकारणे म्हणजे निकाल पाहून प्रश्नपत्रिका काढणे होय, आणि त्या आधारे एका तालुक्यातील मुलांवर मंदवाचनाचा शिक्का बसू शकतो.

याहून मोठी चूक निवडीपूर्वीच घडलेली असते. पाचही मुले एकाच आश्रमशाळेतील, एकाच शिक्षकाच्या हाताखालची असतील, तर त्यांची निरीक्षणे परस्परस्वतंत्र राहत नाहीत. अप्राचलीय कसोटी प्रसामान्यतेची अट सोडते, स्वातंत्र्याची नव्हे. तेव्हा अनेक शाळा घेऊन शाळा हेच एकक धरणे इष्ट. दोन्ही वितरणांचा आकार सारखा नसेल तर या कसोटीवरून मध्यकांतील फरकाचा निष्कर्षही काढता येत नाही.

तीच मुले दोनदा वाचीत असतील तर विल्कॉक्सनचीच चिन्हांकित क्रमांकांची कसोटी घ्यावी. तीन वा अधिक स्वतंत्र गटांसाठी क्रुस्कल व वॉलिस यांची १९५२ ची कसोटी आहे. प्रबंधात मात्र केवळ 'सार्थक' वा 'असार्थक' न लिहिता दोन्ही मध्यक (येथे ६१ व ४५), २५ पैकी २२ हे प्रमाण आणि नेमकी संभाव्यता नोंदवावी.