आर्थर रोडचे प्लेग इस्पितळ

मांडवी म्हणजे तेव्हाच्या मुंबईची धान्याची वखार. गोदामे, दाटीवाटीच्या चाळी आणि मुबलक उंदीर. सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी तिथल्या रुग्णांच्या जांघेतल्या गाठी पाहून हा प्लेगच, असे सांगितले. पुढच्याच महिन्यात पालिकेने रुग्णांना सक्तीने हलवण्याचा अधिकार घेतला. ज्यांची घरी सोय नव्हती, त्यांची रवानगी बहुधा आर्थर रोडच्या साथरोग रुग्णालयात होई.

लोकांना या इस्पितळाची भीती प्लेगइतकीच वाटे. आत माणसे मारून त्यांचे तेल काढतात, अशी वदंता होती. २९ ऑक्टोबरला सुमारे हजार गिरणी कामगार इस्पितळावर चालून गेले. पालिकेने नमते घेतले. घरीच वेगळे ठेवून उपचार होत असतील तर रुग्णाला उचलायचे नाही, असे ठरले. या लोकांना अडाणी म्हणणे सोपे आहे. पण आत गेलेले बहुतेक जण परत येत नव्हते, हे ते रोज पाहत होते. त्यात घरच्यांनी लपवून ठेवलेला रुग्ण दाखल व्हायचा तो अखेरच्या घटकेला, आणि त्याच्या मरणाने इस्पितळाची बदनामी आणखी वाढायची.

आणि उपचार तरी काय होते? गाठीवर पोटीस बांधायचे, ती पिकली की चिरून कार्बोलिकने धुवायची. हृदय खचू लागले की ब्रँडी, डिजिटॅलिस, स्ट्रिक्नीन. जंतूला मारणारे औषध नव्हतेच. खरी मदार शुश्रूषेवर होती. तापाच्या भ्रमात रुग्ण खाटेवरून उठून पळू बघे, आणि नुसते उठून बसल्यानेही कमकुवत हृदय एकाएकी बंद पडे. म्हणून त्याला आडवे ठेवणे, घोटघोट दूध पाजणे, रात्रभर कुणीतरी उशाशी असणे, याला कुठल्याही बाटलीपेक्षा अधिक मोल होते.

इस्पितळाची धुरा डॉ. नसरवानजी होरमसजी चोक्सी यांच्याकडे होती. प्लेगचा जंतू १८९४ मध्ये हाँगकाँगला शोधणारे येर्सिन १८९७ मध्ये उपचारासाठीचे आपले सीरम घेऊन मुंबईत आले. त्या सीरमने निराशा केली. मग इटलीच्या लुस्टिग यांच्या सीरमची पाळी आली. इथे चोक्सींचे वेगळेपण दिसते. चांगले वाटतील ते रुग्ण निवडून सीरम टोचले असते तर आकडे सहज देखणे झाले असते. त्याऐवजी येणाऱ्या रुग्णांपैकी एकाआड एकाला सीरम, उरलेल्यांना नेहमीचे उपचार, अशी तुलना झाली. आजच्या औषध-चाचण्यांचा पाया त्याच तत्त्वावर आहे. निष्कर्ष माफक निघाला: आजाराच्या सुरुवातीलाच सीरम मिळाले तर उपयोग, उशीर झाला तर फारसा नाही. वसाहतीच्या काळातील वैद्यकाच्या इतिहासात हाफकिन यांचे नाव ठळक आहे, आणि तो मान रास्तही आहे. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी आपण तयार केलेली प्लेगची प्रतिबंधक लस आधी स्वतःलाच टोचून घेतली होती. पण आजारी पडलेल्यांच्या खाटांपाशी वर्षानुवर्षे नोंदी करत बसलेल्या चोक्सींची आठवण फारच कमी लोक काढतात.

बळजबरीपेक्षा विश्वास अधिक कामी आला. मुंबईत पारशी, हिंदू, मुसलमान अशा वेगवेगळ्या समाजांनी आपापली प्लेग इस्पितळे काढली. ओळखीची माणसे, आपले जेवण आणि जवळ बसलेले नातलग यांमुळे तिथे जायला लोक कमी बिचकत. पुण्यात टिळकांच्या पुढाकाराने हिंदू प्लेग इस्पितळ उभे राहिले. हडपसरजवळ सावित्रीबाई फुले आणि त्यांचे पुत्र डॉ. यशवंत रुग्णांची सेवा करत होते. त्या सेवेतच संसर्ग होऊन १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाईंचे निधन झाले.

प्लेगवर खरा इलाज मिळायला १९४० चे दशक उजाडावे लागले, स्ट्रेप्टोमायसिन आल्यावर. आर्थर रोड आता साने गुरुजी मार्ग झाला आहे. इस्पितळ तिथेच आहे, कस्तुरबा रुग्णालय या नावाने. मार्च २०२० मध्ये मुंबईतील सुरुवातीचे कोरोना रुग्ण याच ठिकाणी दाखल झाले होते.