तारखेचे गणित आणि संगणक

कॅलेंडर आपण रोज पाहतो. त्यातील नियम आपल्याला पाठ आहेत, असे आपल्याला वाटते. पण तेच नियम संगणकाला सांगायची वेळ आली, की आपण त्यांचा पुरता विचार केलेला नाही, हे लक्षात येते. आज्ञावली कशी लिहावी आणि कशी तपासावी, हे प्रस्तुत पाठात तारखांच्या सोप्या उदाहरणांतून समजावून सांगितले आहे.

विद्यार्थी मित्रांनो, ‘तारीख’ हा शब्द तुम्हांला नवा नाही. तो अरबीतून उर्दूत आला आणि मराठीतही रुळला. उर्दूत ‘तारीख’ म्हणजे दिनांक आणि ‘तारीख’ म्हणजे इतिहासही. मराठीत मात्र आपण तो दिनांकासाठीच वापरतो. साल, सन, बाकी, हिशेब हे शब्दही दोन्ही भाषांत आहेत. आज आपण तारखांचा हिशेब करणार आहोत. पण तो आपण स्वतः न करता संगणकाकडून करून घेणार आहोत.

संगणक फार वेगाने गणित करतो. पण त्याला स्वतःची समज नसते. आपण जे सांगू तेवढेच तो करतो आणि जे सांगायला विसरू ते सोडून देतो. म्हणून कामाची प्रत्येक पायरी त्याला क्रमाने सांगावी लागते. अशा आज्ञांच्या मालिकेला ‘आज्ञावली’ म्हणतात. आज्ञावली लिहिण्यापूर्वी पायऱ्यांचा जो क्रम आपण ठरवतो, त्याला ‘अल्गोरिदम’ म्हणतात. हा शब्द मुहम्मद बिन मूसा अल-ख्वारिज्मी यांच्या नावावरून आला आहे. हे थोर गणिती नवव्या शतकात बगदाद येथे काम करीत होते. भारतीय अंकांनी हिशेब कसा करावा, हे सांगणारा ग्रंथ त्यांनी लिहिला. त्यांच्या नावाच्या लॅटिन रूपापासून पुढे हा शब्द तयार झाला.

पहिली पायरी : लीप वर्ष

महिन्यांचे दिवस तुम्ही मुठीच्या हाडांवर मोजता. उंचवट्यावर येणारा महिना ३१ दिवसांचा, खळगीत येणारा ३० दिवसांचा, आणि फेब्रुवारी तेवढा वेगळा. संगणकाला मूठ नसते. त्याला बारा आकड्यांची यादी द्यावी लागते : ३१, २८, ३१, ३०, ३१, ३०, ३१, ३१, ३०, ३१, ३०, ३१. या यादीतील दुसरा आकडा काही वर्षी २९ होतो. तो कोणत्या वर्षी होतो?

‘दर चार वर्षांनी’ असे उत्तर आपण लगेच देतो. हे उत्तर अपुरे आहे. रोमचा सत्ताधीश ज्युलियस सीझर याने इसवी सनापूर्वी ४५ या वर्षी जे कॅलेंडर सुरू केले, त्यात हाच नियम होता. त्याप्रमाणे वर्षाची सरासरी ३६५ दिवस आणि ६ तास होते. प्रत्यक्षात ऋतूंचे चक्र याहून सुमारे ११ मिनिटे आधी पुरे होते. ११ मिनिटे म्हणजे अगदी थोडा वेळ. पण शतके उलटली आणि चूक साठत साठत दहा दिवसांची झाली. शेवटी १५८२ साली पोप ग्रेगरी तेरावे यांनी कॅलेंडर सुधारले. त्या वर्षी ४ ऑक्टोबरच्या दुसऱ्या दिवशी १५ ऑक्टोबर ही तारीख धरण्यात आली. इंग्लंडने ही सुधारणा १७५२ साली स्वीकारली.

सुधारलेला नियम असा आहे :

१. वर्षाला ४०० ने पूर्ण भाग जात असेल, तर ते लीप वर्ष.
२. नाही तर, १०० ने पूर्ण भाग जात असेल, तर ते साधे वर्ष.
३. नाही तर, ४ ने पूर्ण भाग जात असेल, तर ते लीप वर्ष.
४. यांपैकी काहीच नसेल, तर ते साधे वर्ष.

येथे पायऱ्यांचा क्रम महत्त्वाचा आहे. समजा, तिसरी पायरी आपण सर्वांत आधी लिहिली. मग १९०० ला ४ ने भाग जातो म्हणून संगणक तेथेच थांबेल आणि १९०० हे लीप वर्ष आहे, असे सांगेल. वास्तविक १९०० हे साधे वर्ष होते आणि २००० हे लीप वर्ष होते. म्हणून ही आज्ञावली तपासताना २०२३ आणि २०२४ एवढीच वर्षे घेऊ नयेत. १९०० आणि २००० ही वर्षेही घ्यावीत. जेथे चूक होण्याचा संभव जास्त, तेथेच तपासणी कडक हवी.

दुसरी पायरी : दोन तारखांमधील दिवस

आता थोडे पुढे जाऊ या. १५ ऑगस्ट १९४७ रोजी आपला देश स्वतंत्र झाला आणि २६ जानेवारी १९५० रोजी संविधान अमलात आले. या दोन तारखांमध्ये किती दिवसांचे अंतर आहे?

आधी १५ ऑगस्ट हा वर्षातील कितवा दिवस, ते काढू. जानेवारी ते जुलै या सात महिन्यांचे दिवस ३१ + २८ + ३१ + ३० + ३१ + ३० + ३१ = २१२. त्यांत १५ मिळवले की २२७ होतात. म्हणजे १९४७ साल संपायला ३६५ – २२७ = १३८ दिवस उरले. पुढे १९४८ हे लीप वर्ष, त्याचे ३६६ दिवस. १९४९ चे ३६५ आणि १९५० चे २६. एकूण १३८ + ३६६ + ३६५ + २६ = ८९५ दिवस.

संगणकालाही हाच क्रम सांगायचा : पहिल्या वर्षाचे उरलेले दिवस, मधली पूर्ण वर्षे आणि शेवटच्या वर्षाचे उलटलेले दिवस.

मात्र एक प्रश्न आधी स्वतःला विचारावा : पहिला दिवस मोजायचा की नाही? एखाद्या शिक्षकाने १० तारखेपासून १५ तारखेपर्यंत रजा घेतली. १५ मधून १० वजा केले तर ५ येतात. पण रजा झाली ६ दिवसांची. अंतर मोजणे वेगळे आणि दिवस मोजणे वेगळे. संगणक हा फरक विचारणार नाही. तो आपणच ठरवून सांगायचा.

तिसरी पायरी : वार कोणता?

१५ ऑगस्ट १९४७ रोजी शुक्रवार होता. मग २६ जानेवारी १९५० रोजी कोणता वार होता? दर सात दिवसांनी तोच वार येतो. म्हणून ८९५ ला ७ ने भागू. ७ × १२७ = ८८९, बाकी ६. शुक्रवारच्या पुढे सहा दिवस मोजले की गुरुवार येतो. आपले प्रजासत्ताक गुरुवारी अस्तित्वात आले.

या उदाहरणात १९४८ हे लीप वर्ष आहे, हे सांगायला आपण विसरलो असतो तर? दिवस ८९४ झाले असते, बाकी ५ उरली असती आणि संगणकाने ‘बुधवार’ असे उत्तर दिले असते. चुकीचे उत्तरही तो बरोबर उत्तराइतक्याच ठामपणे देतो. म्हणून ज्यांचे उत्तर आपल्याला आधीच ठाऊक आहे, अशा तारखा घेऊन आज्ञावली पारखून पाहावी.

येथे एक गमतीची गोष्ट सांगण्यासारखी आहे. ४०० वर्षांत ९७ लीप वर्षे येतात. म्हणून ४०० वर्षांचे एकूण दिवस १,४६,०९७ होतात. या संख्येला ७ ने पूर्ण भाग जातो. त्यामुळे दर ४०० वर्षांनी तारखा आणि वार यांची जोडी पुन्हा जशीच्या तशी येते.

एका चुकीची गोष्ट

तारखेच्या हिशेबातील लहानशी चूक काय करू शकते, याचे एक खरे उदाहरण पाहा. गाणी ऐकण्याचे ‘झ्यून’ नावाचे एक लहान यंत्र मायक्रोसॉफ्ट ही कंपनी विकत असे. ३१ डिसेंबर २००८ रोजी या यंत्रांपैकी एका प्रकारची यंत्रे ठिकठिकाणी एकाएकी बंद पडली. कारण त्यांच्या आज्ञावलीत होते. एका ठरलेल्या दिवसापासून मोजलेल्या दिवसांवरून साल कोणते, हे ती आज्ञावली काढत असे. तिचा सारांश असा :

१. उरलेले दिवस ३६५ पेक्षा जास्त आहेत, तोपर्यंत पुढील दोन पायऱ्या पुन्हा पुन्हा कर.
२. साल लीप असेल आणि दिवस ३६६ पेक्षा जास्त असतील, तर ३६६ वजा कर आणि साल एकने वाढव.
३. साल साधे असेल, तर ३६५ वजा कर आणि साल एकने वाढव.

आता २००८ या लीप वर्षाचा शेवटचा दिवस घ्या. उरलेले दिवस बरोबर ३६६. हे ३६५ पेक्षा जास्त आहेत, म्हणून काम सुरू झाले. पण ३६६ हे ३६६ पेक्षा जास्त नाहीत, म्हणून दुसऱ्या पायरीत काहीच घडले नाही. साल साधे नाही, म्हणून तिसऱ्या पायरीतही काही घडले नाही. यंत्र पुन्हा पहिल्या पायरीवर आले. घाण्याच्या बैलासारखे ते तेथेच फिरत राहिले. दुसऱ्या दिवशी तारीख बदलली, तेव्हा बॅटरी पूर्ण उतरवून सुरू केलेली यंत्रे पुन्हा चालू लागली. लीप वर्षाचा शेवटचा दिवस कोणी तपासून पाहिला असता, तर ही चूक आधीच सापडली असती.

चौथी पायरी : वय आणि हिजरी सन

वय काढणेही वाटते तितके सोपे नाही. एका मुलीचा जन्म २० नोव्हेंबर २०१० रोजी झाला. १५ ऑगस्ट २०२५ रोजी तिचे वय किती? सालांची वजाबाकी केली तर १५ येतात. पण त्या वर्षीचा वाढदिवस अजून आलेला नाही, म्हणून तिची १४ वर्षेच पूर्ण झाली आहेत. मतदार होण्यासाठी १८ वर्षे पूर्ण असावी लागतात. तेथे एका वर्षाची चूक म्हणजे कोणाचा तरी हक्क हिरावणे किंवा नसलेला हक्क देणे होय.

हिजरी सनाचा हिशेब आणखी निराळा आहे. हा सन चंद्रावर चालतो. त्याचे महिने २९ किंवा ३० दिवसांचे आणि वर्ष ३५४ किंवा ३५५ दिवसांचे असते. ते इसवी सनाच्या वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान असते. म्हणूनच रमजान कधी उन्हाळ्यात, कधी पावसाळ्यात, तर कधी हिवाळ्यात येतो. इसवी सनाप्रमाणे ३३ वर्षांच्या माणसाची हिजरी सनाप्रमाणे ३४ वर्षे पूर्ण होतात. जकातीसाठी चांद्र वर्ष धरतात. तो हिशेब करणाऱ्या आज्ञावलीत ३६५ दिवस लिहिले, तर दर वर्षी जकात सुमारे ११ दिवस उशिरा निघेल.

चांद्र वर्षासाठीही गणिताचा एक नियम आहे. ३० वर्षांपैकी १९ वर्षे ३५४ दिवसांची आणि ११ वर्षे ३५५ दिवसांची धरतात. त्याप्रमाणे ३० वर्षांचे १०,६३१ दिवस होतात. ही आज्ञावली लिहिणे तुम्हांला सहज जमेल. पण ईद कधी, हे ती खात्रीने सांगू शकणार नाही. ईद चंद्रदर्शनावर ठरते, आणि गणिताने काढलेली तारीख एखाद्या दिवसाने पुढेमागे होऊ शकते. म्हणून अशा आज्ञावलीच्या उत्तराखाली ‘तारीख अंदाजे आहे’ असे लिहिणे हा प्रामाणिकपणा आहे.

मित्रांनो, संगणकाला शिकवताना खरे तर आपणच शिकत असतो. नियम पूर्ण सांगणे, तो योग्य क्रमाने सांगणे, अवघड जागी तपासून पाहणे आणि जेथे खात्री नाही तेथे तसे स्पष्ट लिहिणे, या चार सवयी ज्याला लागल्या, त्याची आज्ञावली भरवशाची होते. आणि या सवयींसाठी संगणक समोर असलाच पाहिजे असे नाही. वही, पेन्सिल आणि भिंतीवरचे कॅलेंडर एवढ्यावरही सुरुवात करता येते.

शब्दार्थ

रुळणे – वापरात येणे, सवयीचे होणे
खळगी – लहान खोलगट जागा
अमलात येणे – लागू होणे
पारखणे – खरे-खोटे तपासून पाहणे
घाणा – तेल काढण्याचे यंत्र
चांद्र वर्ष – चंद्राच्या गतीवरून मोजलेले वर्ष
भरवशाची – विश्वास ठेवण्याजोगी

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) ‘अल्गोरिदम’ हा शब्द कोणाच्या नावावरून आला?
(आ) १९०० हे लीप वर्ष का नव्हते?

२. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) ३१ डिसेंबर २००८ रोजी गाण्यांची यंत्रे का बंद पडली?
(आ) हिजरी सनाची आज्ञावली ईदची तारीख खात्रीने का सांगू शकत नाही?

३. करून पाहा.
(अ) २६ जानेवारी १९५० रोजी गुरुवार होता. त्यावरून १ मे १९६० रोजी, म्हणजे महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेच्या दिवशी, कोणता वार होता ते काढा.
(आ) २९ फेब्रुवारीला जन्मलेल्या मुलाचा वाढदिवस साध्या वर्षी कोणत्या तारखेला धरावा? तुमचा नियम ठरवा आणि तो संगणकाला सांगण्यासाठी पायऱ्या लिहा.

४. उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषांत वापरले जाणारे, काळ व हिशेब यांच्याशी संबंधित असलेले पाच शब्द शोधा आणि प्रत्येकाचा मराठी वाक्यात उपयोग करा.