घंटा वाजली, चला मैदानावर!

आपल्यापैकी अनेकांनी शिक्षणासाठी कोवळ्या वयात घर सोडले असेल. पहाटेची घंटा, थंड पाण्याची अंघोळ, पंगतीतली पातळ आमटी आणि दिवेलागणीपर्यंत रंगलेला हुतूतूचा डाव यांनी ते दिवस भरलेले असत. बोर्डिंगमध्ये खरूज आणि घरची आठवण या दोन साथी हमखास येत, असे माझे ज्येष्ठ रुग्ण हसत सांगतात. पहिलीवर गंधकाचे मलम होते. दुसरीवर मैदान हेच औषध होते.

महाराष्ट्रात या जीवनाला मोठी परंपरा आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात छत्रपती शाहू बोर्डिंग सुरू केले. निरनिराळ्या जातींची मुले तेथे एकत्र राहत, एकत्र जेवत आणि अंगमेहनतीची कामे करून शिकत. मुलांच्या पोटाला कमी पडू नये म्हणून लक्ष्मीबाई पाटील यांनी आपले दागिने, अगदी मंगळसूत्रही दिले. दुसऱ्यासाठी झिजावे, हा धडा त्या मुलांना रोजच्या भाकरीबरोबरच मिळत होता.

आज आपली नातवंडे निवासी शाळांत असतील, तर हाच धडा त्यांना मैदानावर मिळताना दिसेल. अनेक शाळांत मदतदौड भरते. विद्यार्थी धावतात किंवा चालतात, आप्तेष्ट त्यांच्या प्रत्येक फेरीमागे ठरावीक रक्कम देतात आणि जमलेला निधी रुग्णांसाठी वा आपद्‌ग्रस्तांसाठी पाठविला जातो.

अशा दौडींमागची एक प्रेरणा कॅनडातील टेरी फॉक्स या तरुणाची आहे. हाडाच्या कर्करोगामुळे १९७७ मध्ये त्याचा उजवा पाय गुडघ्याच्या वरून कापावा लागला. १२ एप्रिल १९८० रोजी तो कृत्रिम पायावर कॅनडा ओलांडण्यास निघाला. कर्करोग-संशोधनासाठी निधी जमविणे हा त्याचा हेतू होता. १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर अंतर कापल्यावर रोग फुफ्फुसांत पसरल्याचे आढळले आणि त्याला थांबावे लागले. पुढच्याच वर्षी, वयाच्या बाविसाव्या वर्षी, त्याचे निधन झाले. त्याच्या नावाने १९८१ पासून भरणाऱ्या दौडीत स्पर्धा नसते. धावणारा, चालणारा, चाकाच्या खुर्चीतून येणारा, सारे तेथे समान असतात.

म्हणूनच आजी-आजोबांनाही अशा दौडीचे निमंत्रण येते, आणि घरात वाद सुरू होतो. आजोबांची जाण्याची इच्छा असते, मुलगा-सून म्हणतात, "पडलात तर काय करायचे?" ही काळजी रास्त आहे. परंतु काळजीवाहकांनी दुसरी बाजूही पाहावी. खुर्चीत बसून राहिल्याने मांड्यांचे स्नायू क्षीण होतात, तोल जातो आणि ज्या पडण्याची भीती असते, तेच जवळ येते. जागतिक आरोग्य संघटना ६५ वर्षांवरील व्यक्तींनाही आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम आणि तीन दिवस तोल सांभाळण्याचा सराव सुचविते.

दौडीपूर्वी सहा आठवडे हाती ठेवावेत. पहिल्या आठवड्यात सपाट रस्त्यावर रोज दहा मिनिटे चालावे आणि दर आठवड्याला पाच मिनिटे वाढवावीत. सहाव्या आठवड्यात पस्तीस मिनिटे होतील. संथ चालीनेही त्यात सुमारे दोन किलोमीटर होतात. चालताना बोलता यावे, इतकाच वेग असावा. बीटा-ब्लॉकर गटातील औषधे घेणाऱ्यांची नाडी फारशी वाढत नाही, म्हणून त्यांनी नाडीपेक्षा या खुणेवर विसंबावे. सोबत खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठण्याचा सराव करावा. सुरुवातीला कोणीतरी जवळ उभे राहावे.

हृदयविकार, अलीकडची शस्त्रक्रिया, वारंवार चक्कर किंवा चालताना छातीत दुखणे असेल, तर आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय आरंभ करू नये. मधुमेहासाठी इन्सुलिन अथवा साखर बरीच उतरवू शकणाऱ्या गोळ्या घेत असाल, तर उपाशीपोटी निघू नका आणि खिशात साखर ठेवा. छातीत दडपण, अचानक धाप वा डोळ्यांपुढे अंधारी आल्यास जागीच बसावे. छातीतले दडपण किंवा धाप विश्रांतीने लगेच ओसरली नाही, तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

चालणे शक्यच नसेल, तरी निमंत्रण नाकारू नये. पाण्याच्या टेबलापाशी बसून पेले भरता येतात, फेऱ्या मोजता येतात. तेही जमत नसेल, तर नातवाला स्वहस्ते पत्र लिहावे आणि आपल्या बोर्डिंगमधला पहिला महिना कसा गेला, ते कळवावे. घरच्या आठवणीने रात्री कूस बदलणाऱ्या मुलाला त्या पत्राचा मोठा आधार होतो.

वार्धक्यात आपणांस जे हवे, ते बोर्डिंगने पूर्वीच दिले होते: ठरलेली वेळ, चारचौघांची पंगत, मैदान आणि दुसऱ्याच्या उपयोगी पडल्याचे समाधान. निमंत्रण आले असेल, तर "बघू" असे मोघम उत्तर देऊ नका. दिनदर्शिकेवर दौडीच्या तारखेपासून सहा आठवडे मागे मोजा आणि त्या दिवशी पायांत बूट चढवा.