आठवड्यातून तीनदा नाशिक

डायलिसिसचा हिशेब आपण मशीनमध्ये मांडतो. कुठल्या रुग्णालयात किती मशीन, दिवसाला किती पाळ्या. दिंडोरी तालुक्यापुरता तो किलोमीटरमध्ये मांडून पाहावा. दिंडोरी गावापासून नाशिक पंचवीसेक किलोमीटर. दोन्ही किडन्या निकामी झालेल्या माणसाला आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तास मशीनवर राहावं लागतं, म्हणजे वर्षाला १५६ खेपा आणि जवळजवळ आठ हजार किलोमीटर. ननाशीकडच्या पाड्यावरून निघणाऱ्याला तर आधी दिंडोरीच गाठायची असते. २०१६ च्या अर्थसंकल्पात राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर झाला, तेव्हा देशात दरवर्षी २.२ लाख नव्या रुग्णांची भर पडते आणि त्यांना ३.४ कोटी डायलिसिस लागतात, असं सांगितलं गेलं. २.२ लाखांना १५६ ने गुणा, जवळपास तोच आकडा येतो. म्हणजे प्रत्येक रुग्ण तीनही वारी हजर राहील, हे त्यात धरलेलंच होतं. प्रवासखर्चाचा आणि बुडणाऱ्या मजुरीचा उल्लेखही त्याच भाषणात होता. उपाय मात्र जिल्हा रुग्णालयात मशीन बसवण्याचा निघाला. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस बसतं, पण सोबत येणाऱ्याचा ऐन द्राक्षछाटणीतला रोज कुठल्या कार्डावर भरून मिळणार? तीनदाचं दोनदा होतं ते इथेच.

मशीनला कमी लेखण्याचं कारण नाही. नाझींच्या ताब्यातल्या हॉलंडमध्ये विलेम कोल्फ यांनी १९४३ मध्ये सॉसेजच्या सेलोफेन नळ्या ड्रमला गुंडाळून रक्त गाळलं, आणि १९६६ मध्ये हातातली शीर धमनीला जोडण्याची फिस्टुलाची युक्ती निघाली. मनगटावर बोट ठेवलं की तिची थरथर जाणवते. ती थांबली तर तडक डॉक्टर गाठायचा. पण या मशीनला पाणी लागतं. मिनिटाला अर्धा लिटर द्राव म्हणजे चार तासांत १२० लिटर, तोही आरओतून काढलेल्या पाण्याचा. वीज लागते, तंत्रज्ञ लागतो. करंजवण, वाघाड, पालखेड अशी धरणं असलेल्या तालुक्यातला रुग्ण मात्र पेल्याने मोजून पाणी पितो आणि स्वतःच पिकवलेला टोमॅटो, पोटॅशियमच्या धास्तीने, ताटात घेत नाही.

म्हणूनच पोटाचं डायलिसिस एवढं मागे का पडलं, हे विचारायला हवं. पोटात कायमची एक मऊ नळी बसवतात, तिच्यातून दोन लिटर द्राव आत सोडतात आणि काही तासांनी बाहेर काढतात. पोटाच्या आतलं अस्तरच गाळणी होतं. दिवसातून साधारण चारदा, दर वेळी अर्धा तास. पिशवी खुंटीला टांगली की द्राव आपल्या भाराने उतरतो, त्यामुळे भारनियमनाचा प्रश्नच उरत नाही. सफाई रोजची असल्याने पथ्यही बऱ्याचदा सैल होतं. राष्ट्रीय कार्यक्रमात यासाठीची मार्गदर्शक तत्त्वं २०१९ मध्ये आली, तरी डायलिसिस म्हटलं की डोळ्यांपुढे मशीनच येतं.

पहिला आक्षेप जंतुसंसर्गाचा, आणि तो खरा आहे. हात नीट न धुता नळी जोडली तर पोटात पू होतो, जीवही जाऊ शकतो. पण लक्षण घरच्या घरी ओळखता येतं: बाहेर आलेल्या पिशवीमागे छापील कागद धरला तर अक्षरं वाचता यायला हवीत, द्राव गढूळ दिसला की वाट न पाहता डॉक्टर गाठायचा. पक्कं घर हवंच असंही नाही. एक स्वच्छ कोपरा, साबण आणि शिकवलेली माणसं लागतात. दुसरा आक्षेप पुरवठ्याचा. महिन्याला १२० पिशव्या, म्हणजे २४० लिटर ओझं पाड्यावर पोचवायचं. ज्या तालुक्यातली द्राक्षं थंड पेटीत युरोप गाठतात, तिथे हे अशक्य म्हणणं मला पटत नाही. द्राक्षांमागे पैसा आहे, पिशव्यांमागे तो सरकारने घालायचा आहे, इतकाच फरक. तिसरा आक्षेप जास्त वजनदार. थायलंडने २००८ मध्ये सरकारी योजनेत पोटाच्या डायलिसिसलाच पहिलं स्थान दिलं आणि २०२२ मध्ये निवड मोकळी केल्यावर पुष्कळ रुग्ण मशीनकडे वळले. रोज चारदा स्वतःच्या आजाराला हात घालणं अनेकांना नकोसं होतं. त्यामुळे सक्ती नकोच. नाशिक शहरात राहणाऱ्याला मशीन सोयीचं, ननाशीच्या माणसाला कदाचित पिशवी. आणि ज्याला दाता मिळतो त्याला प्रत्यारोपण दोन्हींपेक्षा बरं. मात्र या सगळ्या वाटा फिस्टुला करण्याआधी, घरच्यांना सोबत बसवून, एसटीच्या वेळापत्रकासकट समजावून सांगितल्या गेल्या पाहिजेत. दोन वर्षं खेपा घालून झाल्यावर नव्हे.