ग्राहकाची विम्याची अट आणि आपण

एके काळी धान्यपेठेत रुमालाखालच्या बोटांच्या खुणेने सौदे ठरत आणि दिलेला शब्द हाच करार असे. आज हॉटेले, वसतिगृहे व कारखाने यांना धान्य पुरवावयाचे म्हणजे करारपत्रावर सही आली, आणि त्या करारपत्रात विम्याचे एक कलम हमखास आले. ते कलम न वाचता सही करणारे आपल्यांत पुष्कळ आहेत. आम्हीही त्यांतलेच होतो.

सन २०१९ च्या ऑगस्टमध्ये बेळगाव परिसरात अतिवृष्टी झाली. त्या दिवसांत गोव्याच्या एका ग्राहकाकडे निघालेली आमची १०० पोती तूरडाळ चोर्ला घाटात भिजून गेली. ‘मालाचा विमा असावा’ ही त्या ग्राहकाची अट आम्ही आमच्या विमापत्राची नक्कल पाठवून पुरी केली होती. परंतु ते विमापत्र गोदामाचे होते. आग, पूर, वादळ ही सारी संकटे त्यात होती खरी, पण गोदामाच्या चार भिंतींपुरती. वाटेवरच्या मालाशी त्याचा संबंध नव्हता. करार पोच मालाचा असल्याने सारे नुकसान आमचे ठरले. दुसरी डाळ पदरमोड करून पाठविली आणि शब्द राखला. मात्र त्या दिवसापासून प्रत्येक अट वाचू लागलो.

प्रथम पाहावे ते हे की, वाटेतली जोखीम कोणाची. सन १९३० च्या माल विक्री कायद्याचे २६ वे कलम सांगते की, वेगळा करार नसेल तर मालकी ज्याची, जोखीम त्याची. मालकी कोठे बदलते हे करारात स्पष्ट लिहून घ्यावे; ती ग्राहकाच्या दारी बदलत असेल तर वाहतुकीचा विमा आपणच उतरवावा.

दुसरी अट हमालांच्या विम्याची. ती जाचक वाटते, परंतु तिच्यामागे कारण आहे. कंत्राटदाराचा मजूर कामावर जखमी झाल्यास मूळ मालकाकडूनही भरपाई मागता येते, व मालक ती कंत्राटदाराकडून वसूल करू शकतो, हे तत्त्व सन १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या १२ व्या कलमात होते. सन २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ते कायम आहे. ग्राहक अविश्वासाने नव्हे, स्वतःच्या दायित्वापोटी ही अट घालतो. शिवाय पाठीवर पोते वाहणाऱ्याच्या कुटुंबाचा विचार आपण कोणी न सांगताच करावयास हवा.

तिसरी गोष्ट रकमेची. हप्ता वाचविण्यासाठी ४० लाखांच्या मालाचा २० लाखांचाच विमा उतरविला आणि १० लाखांचे नुकसान झाले, तर सरासरीच्या नियमाने हाती ५ लाखच येतात. तसेच, हप्ता भरल्यावाचून विमा कंपनीवर जोखीम येत नाही. म्हणून गाडी निघण्यापूर्वी हप्ता पोचता करावा. ग्राहकाने विमापत्रावर आपले नाव मागितल्यास कंपनीकडून तशी लेखी नोंद करून घ्यावी. तोंडी आश्वासन देऊ नये.

या साऱ्याचा खर्च भाव सांगण्यापूर्वीच हिशेबात धरावा. सौद्याच्या मानाने अट फारच अवजड असेल तर ग्राहकास नम्रपणे पत्र लिहावे. आमचा अनुभव असा की, कारण समजावून सांगितले तर बहुतेक ग्राहक रक्कम कमी करतात. न करतील, तर तो सौदा सोडावा.

मात्र एक मोह कटाक्षाने टाळावा. मुदत संपलेले प्रमाणपत्र तारीख बदलून देणे, अथवा साठा कमी दाखविणे, याला पेठेत कोणी चतुराई म्हणत असतील. आपल्या शास्त्रात त्याला कूटलेखक्रिया म्हणतात, आणि सत्याणुव्रताच्या पाच अतिचारांत तिची गणना आहे. विम्याचा करारही परस्परांच्या पूर्ण सचोटीवरच उभा असतो. रुमाल गेला, कागद आला. शब्दाची किंमत मात्र तीच राहिली आहे. व्यापारी बंधूंनी, विशेषतः नव्याने गादीवर बसणाऱ्या आपल्या मुलांनी, एवढे ध्यानी ठेवावे, ही विनंती.