‘ट्रॅप’ आणि ‘एन्ट्रॅप’ : अर्थ आणि अनुवाद

इंग्रजी-मराठी शब्दकोशात ‘एन्ट्रॅप’ या क्रियापदापुढे सापळ्यात पकडणे, जाळ्यात अडकवणे, फसवणे असे पर्याय दिलेले आढळतात. त्यांपैकी एकही चुकीचा नाही. परंतु कोणता पर्याय कोठे योजावा, हे कोश सांगत नाही. वृत्तपत्रीय अनुवादात नेमकी येथेच गल्लत होते.

प्रथम ‘ट्रॅप’ हे मूळ क्रियापद पाहू. इंग्रजीत उंदीर, खाणीतले कामगार आणि वातावरणातील उष्णता या सर्वांसाठी ते एकच चालते. मराठीत उंदीर सापळ्यात पकडला जातो, कामगार खाणीत अडकतात आणि हरितगृह वायू उष्णता धरून ठेवतात. कामगारांच्या वाक्यात इंग्रजीतील कर्मणी रचनेच्या जागी मराठीत अकर्मक क्रियापद आले आहे, हे ध्यानात घ्या. ‘कामगार अडकवले गेले’ असे लिहिल्यास कोणी तरी ते मुद्दाम केले, असा अर्थ निघेल. मराठीत प्रयोजक रूपाबरोबर पुष्कळदा हेतूही येतो. गाडीचे चाक चिखलात ‘फसते’ त्यात कपट नसते. ‘फसवणे’ म्हटले की कपट आलेच.

‘एन्ट्रॅप’मध्ये असा हेतू बहुधा गृहीतच असतो. कायद्याच्या परिभाषेत त्याचा अर्थ आणखी काटेकोर होतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९३२ साली सॉरेल्स खटल्यात याचा विचार केला. दारूबंदीच्या काळात पर्यटक म्हणून आलेल्या एका सरकारी हस्तकाने सॉरेल्सकडे पुन्हा पुन्हा दारू मागितली, महायुद्धातील आठवणी काढल्या, आणि अखेर त्याने ती आणून दिली. गुन्हा घडला खरा. परंतु त्याला गुन्ह्यास प्रवृत्त केले गेले, हा बचाव ज्यूरीपुढे जायला हवा होता, असे न्यायालयाने म्हटले.

याउलट ‘लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने सापळा रचून कर्मचाऱ्यास पकडले’ हे आपल्या परिचयाचे वाक्य घ्या. येथे लाच मागितल्याची तक्रार आधीच आलेली असते. मग फिनॉल्फ्थॅलीनची भुकटी लावलेल्या नोटा तक्रारदाराजवळ दिल्या जातात. त्या घेणाऱ्याची बोटे सोडियम कार्बोनेटच्या द्रावणात बुडवली की द्रावण गुलाबी होते. हा ‘ट्रॅप’ आहे, ‘एन्ट्रॅप’ नव्हे.

उत्तरपत्रिकांत ‘एन्ट्रॅप’साठी ‘गोवणे’ हा शब्द मला वारंवार दिसतो. शब्द सुरेख आहे, म्हणूनच त्याचा मोह पडतो. परंतु ‘खोट्या प्रकरणात गोवले’ म्हणजे त्या माणसाने काही केलेच नव्हते. सॉरेल्सला ‘गोवले’ असे लिहिले तर त्याने दारू दिलीच नाही, असे वाचकास वाटेल. ‘सापळा रचून पकडले’ असे लिहिले तर तो मुळातच दारूविक्रेता ठरेल. तो आधीपासून तयार होता की त्याला तयार केले गेले, हाच तर वादाचा मुद्दा होता! अशा वेळी एकाच शब्दाचा हट्ट सोडून ‘गुन्ह्यास प्रवृत्त करून पकडले’ असे लिहावे. वाक्य लांबले तर लांबू द्यावे.

स्वाध्याय : आठवडाभरातील मराठी वृत्तपत्रांतून ‘सापळा रचून’, ‘गोवले’ आणि ‘जाळ्यात ओढले’ असे प्रयोग असलेली प्रत्येकी दोन वाक्ये निवडा. प्रत्येक वाक्यात गुन्ह्याचा पुढाकार कोणाकडे जातो, ते लिहा.