सरकारी कामात एआय: चार गैरसमज आणि वस्तुस्थिती

सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णा 40 फुटांवर गेली की इशारा पातळी, 45 फुटांवर धोका पातळी. ऑगस्ट 2019 मध्ये ती 57 फुटांपर्यंत चढली. पुराचा अंदाज असो वा तहसीलचा दाखला, सरकारी कामात कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणजेच एआय येत असताना सातारा-सांगलीकरांचे काही समज तपासायला हवेत.

गैरसमज: आपोआप चालतं ते सगळं एआय.
वस्तुस्थिती: कृष्णा-भीमा खोऱ्यात जलसंपदा विभागाची आरटीडीएएस यंत्रणा पाऊस आणि पाणीपातळी आपोआप नोंदवून पाठवते. ती मोजणी आहे. एआय जुन्या नोंदींवरून शिकतं आणि पुढचा अंदाज बांधतं. गूगलने 2018 मध्ये पाटण्यात असे पुराचे अंदाज द्यायला सुरुवात केली. नोंदी चुकल्या की अंदाजही चुकतो.

गैरसमज: एआय सांगेल तसाच पूर येणार.
वस्तुस्थिती: अंदाज म्हणजे शक्यता. कोयना कराडला कृष्णेत मिसळते, वारणा सांगलीजवळ हरिपूरला. धरणांतून पाणी किती आणि कधी सोडायचं, हे माणसं ठरवतात. त्यांचा निर्णय बदलला की खालची पातळीही बदलते. म्हणून प्रशासनाने स्थलांतराची सूचना दिली की मोबाइलवरचा आकडा बघत थांबू नका. माणसं आणि जनावरं वेळेत हलवा.

गैरसमज: संगणकाला जात-धर्म नसतो, म्हणून तो भेदभाव करत नाही.
वस्तुस्थिती: नेदरलँड्समध्ये बालसंगोपन भत्त्याचे अर्ज तपासणाऱ्या प्रणालीत परकीय नागरिकत्व हा जोखमीचा निकष होता. हजारो कुटुंबांवर फसवणुकीचा खोटा ठपका बसला, ती कर्जात बुडाली. जानेवारी 2021 मध्ये तिथल्या सरकारला राजीनामा द्यावा लागला. निकष माणसंच ठरवतात, त्यांचे पूर्वग्रह यंत्रात उतरतात.

गैरसमज: निर्णय संगणकाचा, मग दाद कुणाकडे मागणार?
वस्तुस्थिती: महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 नुसार उत्पन्नाच्या दाखल्यासारखी अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळणं हा तुमचा हक्क आहे. नाकारली तर अधिकाऱ्याने लेखी कारण द्यायचं असतं. त्याविरुद्ध पहिलं आणि दुसरं अपील विभागातच करता येतं, त्यानंतर लोकसेवा हक्क आयोगाकडे जाता येतं. ‘सिस्टीम घेत नाही’ हे कारण नव्हे.

एआयचा उपयोग जरूर व्हावा, पुराची सूचना काही तास आधी मिळाली तरी जीव वाचतात. पण निर्णयाखाली सही अधिकाऱ्याची असते आणि उत्तरही त्यानेच द्यायचं असतं. अर्ज नाकारला गेला तर दोन गोष्टी लेखी मागा: कारण काय आणि अपील कुणाकडे करायचं.